पाचवे कडवे

उमरग्यात सोमवारची सकाळ घाईने येत नसे. हैद्राबादच्या सडकेवर मुक्कामाला थांबलेल्या ट्रकांच्या ताडपत्र्यांवर ती आधी पिवळसर उतरे, तिथून कडब्याच्या गंजींवर सरके, आणि मग महादेवाच्या देवळाच्या पायऱ्या चढू लागे. एकेका पायरीवर टेकत, म्हाताऱ्या माणसासारखी. नंदीच्या पाठीवर पोचली की थांबे. पिढ्यान्पिढ्यांचे हात लागून गुळगुळीत झालेल्या त्या दगडावर ऊन असे काही पसरे, की ऊब दगडाच्या आतूनच येत आहे असे वाटावे. धोंडप्पा मास्तर हे सारे डोळे भरून पाही, आणि त्याच्या मनात दर वेळी एकच विचार येई : घडवणाऱ्याने कुठेतरी आपले नाव कोरायला हवे होते.

ती चूक आपल्या हातून होऊ नये, याची त्याने काळजी घेतली होती.

निजामाच्या शाळेत तो उर्दूत शिकला. पुढे राज्य गेले, कारभार मराठीत आला, आणि दोन्ही भाषांत सारखाच भिडस्त असल्यामुळे त्याला कवी होण्यावाचून गत्यंतर उरले नाही. महादेवावर त्याने पाच कडव्यांचे भजन रचले. पहिली चार देवासाठी होती. पाचव्यात तो स्वतः होता :

धोंडप्पा कवि विनवी चरणी,
कीर्ति चिरंतन देई धरणी.

संतांनीही शेवटी आपले नाव घातलेच आहे, अशी तो मनाची समजूत घाली. संतांशी आपली तुलना त्याने या एका मुद्द्यापुरतीच केली होती. इतका तो नम्र होता.

भजन लोकांना आवडले. दर सोमवारी नागप्पा पेटी उघडीत, चाँदपाशा ढोलकी घेई, आणि ‘तुझ्या माथी धार सांडे, माझ्या माथी ऊन रे’ ही ओळ आली की म्हातारी नीलम्मा पदराने डोळे टिपी. मात्र चौथे कडवे संपता संपता पेटी मिटे, गूळ-फुटाण्यांची परात फिरू लागे, आणि धोंडप्पाची चिरंतन कीर्ती फुटाण्यांखाली गाडली जाई.

बरेच सोमवार गिळून एकदा त्याने धीर केला.

“नागप्पाअण्णा, भजनाला अजून एक कडवं आहे.”

“आहे की. पाठ आहे मला,” नागप्पा पेटी पुसत म्हणाले. “पण परात येती ना, गुरुजी. बायांना शेताला जायचं असतं.”

“भुकेल्या माणसाला शायर दिसत न्हाय, गुरुजी,” चाँदपाशा हसला. “परात दिसती.”

धोंडप्पाला हे पटले. अमरत्वाच्या वाटेत फक्त फुटाणे आडवे आले होते. ते बाजूला करणे माणसाच्या हातात होते. प्रसादाची पाळी घरोघर फिरे. त्याच्या घरची आली, तेव्हा तो आईला म्हणाला, “अव्वा, मी बोलावल्याशिवाय परात आणू नको.”

“का रे? देवाला उपास घडवतोस व्हय?” गिरिजाबाई म्हणाल्या.

“भजन पुरं होऊ दे.”

त्या सकाळी चौथे कडवे संपले. नागप्पांनी दाराकडे पाहिले. दारात नुसते ऊन होते. चाँदपाशाचा हात ढोलकीवर अधांतरी राहिला. खांबाला टेकून बसलेल्या धोंडप्पाच्या छातीत त्याची स्वतःची ढोलकी वाजू लागली.

“परात कुठंय, मास्तर?” नीलम्माने विचारले.

“येतीय. जरा उशीर होईल.”

“मग रिकामं कशापायी बसायचं? म्हणा की अण्णा!”

पेटी पुन्हा उघडली. धोंडप्पाने डोळे मिटून घेतले. वर्षानुवर्षे पेरलेले आता उगवणार होते.

‘तुझ्या माथी धार सांडे…’

पहिलेच कडवे. मग दुसरे, तिसरे, चौथे. आणि पुन्हा पहिले. शेताला निघालेल्या बाया टोपल्या खाली ठेवून परत बसल्या. कोणाला भूक नव्हती, कोणाला घाई नव्हती. चाँदपाशाने लय वाढवली. तिसऱ्यांदा चौथे कडवे संपले तेव्हा नागप्पांची नजर क्षणभर धोंडप्पावर थांबली. आजाऱ्याच्या उशाशी बसलेला माणूस पाहतो तशी. आणि मग त्यांनी लगबगीने पहिले कडवे धरले.

आईला हाक मारावी, असे धोंडप्पाला वाटले. तो उठला नाही.

पाचवे कडवे वाईट होते.