आसेन माझ्याकडेच वळायचा

मित्रांनो, मला नाव नाही. मेंढरांच्या म्होरक्याच्या गळ्यात बांधतात ती काशाची घंटा, एवढीच माझी ओळख. वयाने मी पुष्कळ जुनी आहे, स्वभावाने जरा तोऱ्यातली आहे, आणि सध्या फार गोंधळले आहे. जन्मभर मला एकच गोष्ट ठाऊक होती: मी वाजले की सगळे वळून पाहतात. आमच्या घरातल्या लहानग्याने ती गोष्ट अशी काही उलटीपालटी करून टाकली की माझे मलाच काही कळेनासे झाले.

बल्गेरियाच्या रोडोपी डोंगरात एका म्हाताऱ्या कारागिराने मला ओतले. साचा फोडला, कडा कानशीने घासली, टिचकी मारून पाहिली आणि नाक मुरडले. पुन्हा घासली. आमच्याकडे घंटेने नुसते वाजून भागत नाही, कळपातल्या बाकीच्या घंटांशी तिचा सूर जुळावा लागतो. साबी मेंढपाळ मला घ्यायला आला तेव्हा आपल्या साऱ्या घंटा पिशवीत भरून घेऊन आला होता. लग्नाची मुलगी पाहावी तसा तो मला अर्धा दिवस वाजवून पाहत बसला. शेवटी म्हणाला, "ही बरी आहे. जरा भांडखोर वाटते, पण आवाज लांब जाईल."

आणि गेला की हो! धुके उतरले की डोंगरात हाताला हात दिसत नसे. तेव्हा म्होरक्या मेंढा पुढे, त्याच्या गळ्यात मी, आणि माझ्या आवाजाच्या मागोमाग सगळा कळप घरी. एखादे मेंढरू चुकले तर साबी उभा राहून कान द्यायचा आणि त्याच्या घंटेवरून त्याला शोधून काढायचा. "माझी घंटा दोन डोंगरांपलीकडे ऐकू जाते," असे तो गावभर सांगत फिरायचा. मी फुगून जायची.

साबीची बायको नेदेल्का. तिने मला दुसरे एक काम लावले. त्यांचा मुलगा मिल्को तीन वर्षांचा होत आला तरी तोंडातून शब्द काढीना. आमच्याकडे अशा मुलाला घंटेतून पाणी पाजतात. घंटेसारखा त्याचा आवाज खणखणीत फुटावा म्हणून. नेदेल्काने मला उलटी केली, लोलक एका बाजूला धरला आणि माझ्यातून त्याला पाणी पाजले. पुढे महिन्याभरात मिल्को बोलू लागला, आणि असा बोलू लागला की साबी म्हणे, "आता याला गप्प करायला काय पाजायचं ते सांग." तेव्हापासून गावातल्या बायका मला मागून नेऊ लागल्या. काही मुले बोलली, काहींचे पुढे काय झाले ते कुणी मला सांगितले नाही. न बोललेल्यांची गोष्ट कोण सांगत बसतो?

मग साबी गेला. मेंढरे विकली. मला स्वयंपाकघराच्या दाराशी, लसणाच्या माळेशेजारी एका खिळ्यावर टांगले. वर्षामागून वर्षे मी हिरवी पडत गेले. मिल्को मोठा झाला, रालित्सा नावाच्या मुलीशी लग्न करून जर्मनीत बांधकामावर कामाला गेला. रालित्सा खालच्या शहरात कपडे शिवायच्या कारखान्यात जाई, आणि नातवाला, आसेनला, नेदेल्का सांभाळी. मुलाला माझ्याशी खेळायला कुणी दिले नाही, पण तो खालून बोट दाखवी आणि "डिंग" म्हणे. मला त्यात आनंद होता.

हो, म्हणे. हेच तर मला सांगायचे आहे. दीड वर्षाचा होता तेव्हा आसेनला शब्द येत होते. आई म्हणायचा, आजी म्हणायचा, पाणी म्हणायचा. मेंढरू दिसले की "बे" करायचा. हवे असले की आमच्या रीतीप्रमाणे मान आडवी हलवून हो म्हणायचा. मग हिवाळा आला. एक सर्दी जाते न जाते तोच दुसरी यायची, नाक सदा वाहते, रात्री घोरणे. वसंत ऋतू आला तेव्हा सर्दी गेली होती, आणि शब्दही गेले होते.

एकदम नाही गेले. आधी "बे" गेले. मग "पाणी" गेले. तहान लागली की तो आईचा हात धरून तिला नळापाशी ओढत नेऊ लागला. मग "आजी". हाक मारली तर वळेना. खेळण्यातल्या गाडीचे चाक फिरवत बसे, तासन्‌तास. माझ्याकडे बोट दाखवणेही थांबले. मी खिळ्यावरून हे सगळे पाहत होते आणि मला काही उमगत नव्हते. मेंढरू हरवले तर घंटेच्या आवाजावर शोधता येते, शब्द हरवला तर कशावर शोधायचा?

रालित्सा घाबरली होती. नेदेल्काही घाबरली होती, पण ती घाबरली की जास्त बोलायची.

"आई, मला याला डॉक्टरांना दाखवायचंय," एका रविवारी रालित्सा म्हणाली.

"दाखव की. पण डॉक्टर काय सांगणार? मुलगे उशिराच बोलतात. तुझा नवरा तीन वर्षांचा होईस्तोवर मुका होता. आता फोनवर ऐकतेस ना, बिल सासऱ्याचं असल्यासारखा बोलतो."

"मिल्कोचे शब्द आलेच नव्हते, आई. याचे येऊन गेले."

नेदेल्काने हातातली मिरची जोरात चिरली. "संत जॉर्जचा सण होऊ दे. कोकरू कापू, देवाचं करू, मी पाणी पाजते. त्यानंतर कुठं न्यायचं तिथं ने."

असे बोलून तिने मला खिळ्यावरून काढले. पायांचा आवाज न करता आसेनच्या मागे गेली आणि मला जोरात हलवले. आसेन झटकन वळला.

"बघ! कान खणखणीत आहेत. आळशी आहे झालं, बापावर गेलाय."

"मी हाक मारते तेव्हा नाही वळत."

"तुझी हाक रोजचीच गं. घंटेचं कौतुक वाटतं त्याला."

मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला फार बरे वाटले. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्यासाठी वळले होते. पण रालित्साचा चेहरा पाहिला आणि त्या आनंदाचे काय करावे ते मला कळेना.

त्यानंतर जो येई त्याच्यासमोर नेदेल्का मला वाजवून दाखवू लागली. आसेन वळे, पाहुणे मान डोलावत, आणि डॉक्टरकडे जाणे आठवडाभर पुढे ढकलले जाई. शेजारीण त्सोन्का म्हणाली, "आई दिवसभर कारखान्यात, पोर बोलणार कुणाशी? भिंतीशी?" हे ती रालित्साला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. रालित्साने ऐकले आणि ती भांडी घासत राहिली. मला त्सोन्काच्या डोक्यावर पडावेसे वाटले, पण खिळा पक्का होता.

सणाच्या दिवशी नेदेल्का भल्या पहाटे झऱ्यावर गेली. या विधीचे पाणी मुक्याने आणावे लागते. वाटेत कुणी भेटले तरी अवाक्षर काढायचे नाही. वाटेत नेमकी त्सोन्काच भेटली, आणि उत्तर मिळाले नाही म्हणून सणभर रुसून बसली. मला तर वाटले, ज्या मुलाकडून बोलणे हवे त्याच्यासाठी सगळ्यांनी तोंडे का शिवायची? पण घंटेला कोण विचारतो. आसेन माझ्यातून पाणी प्यायला, त्याने थोडे अंगावर सांडले, माझी थंड कडा दातांनी चावून पाहिली. नेदेल्का त्याच्या तोंडाकडे बघत बसली. संध्याकाळ झाली तरी बघत होती. मग भाकरीचा तुकडा उंच धरून म्हणाली, "भाकरी म्हण, मग देते. एकदाच म्हण रे, राजा." आसेनने हात वर केला, मग खाली घेतला आणि रडू लागला. रालित्साने तो तुकडा सासूच्या हातातून काढून मुलाला दिला. आजवर तिने असे कधी केले नव्हते.

"मी उद्याच नेते याला," ती म्हणाली. "तुम्ही आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी नेणार."

नेदेल्का आली. आणि डॉक्टरांची खात्री पटावी म्हणून मला फडक्यात गुंडाळून पिशवीत घालून घेऊन आली.

कानाच्या डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी पहिल्यापासून सगळे विचारले: कोणते शब्द होते, कधी गेले, बोट दाखवतो का, नजरेला नजर देतो का. रालित्सा सांगत होती आणि रडत होती. नेदेल्काला ते सहन होईना.

"डॉक्टरबाई, ही उगीच जिवाला लावून घेते. पोराला सगळं ऐकू येतं. हे बघा." आणि त्या शांत खोलीत तिने मला वाजवले. आसेन वळला. बाहेर बसलेले लोकही दारातून डोकावले.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी मला हातात घेतले, वजन पाहिले. "मेंढरांची ना? छान आहे. किती लांब ऐकू जाते?"

"दोन डोंगरांपलीकडे," नेदेल्का ताठ मानेने म्हणाली.

"मग आजी, ती या खोलीत त्याच्या कानापर्यंत पोचली यात नवल ते काय?"

नेदेल्काने मला त्यांच्या हातातून परत घेतले. ज्या गोष्टीचा मी जन्मभर गर्व केला, तिच्यामुळेच माझी साक्ष बिनकामाची ठरली होती. मोठा आवाज ऐकू येणे वेगळे आणि आईचे बोलणे नीट ऐकू येणे वेगळे, हे मला तोवर कुणी सांगितलेच नव्हते.

मग डॉक्टरांनी हळू आवाज लावून पाहिले. आसेन चाक फिरवत राहिला. कानात एक बारीक नळी धरून तपासले आणि सांगितले की दोन्ही पडद्यांमागे चिकट पाणी साचले आहे. भिंतीपलीकडून कुणी बोलावे तसे त्याला आमचे बोलणे ऐकू येत असणार.

"म्हणजे एवढंच आहे ना?" रालित्साने विचारले.

"ते मी आज नाही सांगू शकत. कान हे एक कारण असेल. पण आलेले शब्द परत जातात तेव्हा आम्ही कानावर थांबत नाही. मुलांच्या वाढीच्या डॉक्टरांकडे मी आजच चिठ्ठी देते, आणि बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडेही. सगळं बरोबरच सुरू करू. तुम्ही आणलंत ते फार बरं केलंत."

रालित्सा परत येताना बसमध्ये खिडकीला डोके टेकून झोपली. नेदेल्का मला मांडीवर घेऊन बसली होती आणि वाटभर अंगठ्याने माझ्यावरचा हिरवा डाग पुसत होती. तो काही निघाला नाही.

उन्हाळ्यात आसेनच्या कानांवर छोटीशी शस्त्रक्रिया झाली. शिकवणाऱ्या बाईंनी घरच्यांनाच आधी शिकवले. रेडिओ बंद. समोर, जमिनीवर बसून बोलायचे. तो ज्याकडे पाहील त्याचे नाव घ्यायचे. "म्हण, म्हण" करायचे नाही, आणि भाकरी तर मुळीच अडवायची नाही. नेदेल्काचे गुडघे दुखत, तरी ती कुरकुरत खाली बसे आणि "ही मिरची, लाल मिरची" करीत राही. सकाळच्या रेडिओशिवाय तिला चहा कडू लागे. तिनेच माझ्या पोटात लोकर कोंबली, मी चुकून वाजू नये म्हणून. मला आधी अपमान वाटला. मग वाटले, बरोबर आहे. मग पुन्हा अपमान वाटला. अजून माझे नक्की काही ठरत नाही.

वाढीच्या डॉक्टरांच्या तपासण्या अजून चालू आहेत. एखाद्या दिवशी आसेन सगळ्यांकडे टकमक पाहतो, एखाद्या दिवशी चाकातून डोकेच वर काढत नाही. कुणाला विचारावे तर सगळे म्हणतात, बघू.

परवा त्सोन्का आली. रुसवा विसरून गोड आवाजात म्हणाली, "नेदेल्का, तुझी घंटा दे की जरा. माझी नात दोन वर्षांची झाली, होते तेवढे शब्दही विसरली. पाणी पाजून बघते."

नेदेल्काने मला खिळ्यावरून काढले, लोकर उपसली, पण मला हातातच ठेवले. "पाजायचं तर पाज. पण आधी तिला डॉक्टरकडे ने. मग घंटा देते."

"अगं, ऐकू येतं तिला. दार आपटलं की दचकते."

"आमचाही दचकायचा," नेदेल्का म्हणाली. "ने तिला. हवं तर रालित्सा येईल बरोबर."

बोलता बोलता तिचा हात हलला आणि मी वाजले, चांगली खणखणून वाजले. त्याच वेळी चुलीपाशी, आमच्याकडे पाठ करून उभी असलेली रालित्सा नेहमीच्या, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आसेन, सूप झालं."

जमिनीवर बसलेल्या आसेनने मान वळवली. माझ्याकडे नाही. आईकडे.

तो काही बोलला नाही. बोलेल की नाही, कधी बोलेल, मला माहीत नाही. पण रालित्साच्या हातातला डाव तसाच राहिला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी वाजले आणि माझ्याकडे कुणी पाहिले नाही. आणि मला मुळीच वाईट वाटले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी लहान भावंड असेल आणि त्याचे आलेले शब्द परत जाऊ लागले, तर मोठ्यांना सांगा की वाट पाहत बसू नका. ते घंटेला वळते का, हे पाहून कुणी निर्धास्त होऊ नका. मागून हळूच हाक मारा. आणि ते वळले नाही, तर त्याला उद्याच डॉक्टरकडे घेऊन जा.