वैजनाथकाकांची मुकी गाडी

"यांच्या गाडीचा आवाज बंद झाला, की दार ढकलून बघत जा, पोरी."

गोदाकाकूंनी जिन्यात हे सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात दवाखान्याची फाइल होती आणि माझे दिवस भरत आले होते. मी म्हणाले, "काकू, तो आवाज बंद झाला तर मी पेढे वाटीन." त्या धाप लागेपर्यंत हसल्या आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या.

विश्रांतवाडीतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तीन दारं. एक आमचं, समोरचं वैजनाथकाका आणि गोदाकाकूंचं, मधलं विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेलं. काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे हिंगोलीचे. मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर त्यांना जुन्या बाजारात रिमोटवर चालणारा एक ट्रक मिळाला होता. आकाराने बोक्याएवढा, पण आत खरंखुरं इंजिन. टाकीत नायट्रोचं इंधन घालायचं, दोरी ओढायची, की तो ट्यँऽऽ करत पार्किंगभर सुटायचा. मागे निळा धूर आणि एरंडेलाचा वास. आमचे चेअरमन शरच्चंद्र सर यांनी फळ्यावर लिहिलं होतं, 'पार्किंग हे वाहने उभी करण्यासाठी असते.' काकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "मग माझीबी उभी करतो की. आदी पळू तर द्या."

गोदाकाकू गेल्या त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रियू झाली. प्रियदर्शनी हे भारदस्त नाव सासऱ्यांनी ठेवलेलं, घरात नुसती प्रियू. ती झोपायची नाही. पियुष, माझा नवरा, कंपनीच्या कामाला चेन्नईला. दिवसभर मी आणि ती. तिचा श्वास चालू आहे ना हे मी छातीवर हात ठेवून बघायची, आणि हात ठेवला की ती जागी व्हायची. संध्याकाळी कसाबसा डोळा लागायचा, आणि खाली दोरी ओढली जायची.

ती बसायला लागली तरी हेच चालू होतं. एकदा मी तिला खांद्यावर घेऊनच समोरचं दार वाजवलं. "काका, तुमचा ट्रक मला आवडतो. पण हिला नाही आवडत."

काकांनी तिच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्या. "बरं," म्हणाले. तेवढंच.

दुसऱ्या दिवसापासून आवाज बंद. पहिल्या संध्याकाळी प्रियू झोपली आणि मीही झोपले. नंतर मात्र मी त्या शांततेकडे कान लावून बसायला लागले. काकूंचं बोलणं आठवलं. शेवटी प्रियूला कडेवर घेऊन गेले आणि दार ढकललं.

काका हॉलमध्ये वर्तमानपत्रावर मांडी घालून बसले होते. पुढ्यात ट्रक, पोट उघडं. इंजिन, टाकी, धुराची नळी असं सगळं काढून परातीत ठेवलेलं.

"काका, काय झालं हो?"

"काय व्हायचंय? करंटवर करायलो हिला. ब्रशलेस मोटर मागवली. आवाज नाई, धूर नाई. तुझ्या लेकीला कळनारबी नाई."

मी दारातच उभी राहिले.

"उभी काय राह्यलीस? ये, हे धर." त्यांनी कॅलेंडरच्या पानाची एक पट्टी फाडून माझ्या हातात दिली. मोटरचं लहान दातेरी चक्र आणि गाडीचं मोठं चक्र यांच्यामध्ये ती धरायची, दोन्ही एकमेकांवर दाबायची, स्क्रू आवळायचे आणि मग पट्टी ओढून घ्यायची. "कागदाएवढी फट पायजे. लई जवळ केलं तर दात खाऊन टाकतं. लांब गेलं तर नुसतंच फिरतं." प्रियू त्यांच्या मांडीवर बसून पाना चावत होती आणि मी ते बघूनही काही बोलले नाही. माझ्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

बॅटरी चार्ज करताना ते ती वाळू भरलेल्या मडक्यात ठेवत. "भडका उडाला तर मडक्यात उडंल. जलमभर दारूत काम केलं," ते म्हणाले, "प्यालो नाई कदी."

गाडी चालू झाली तेव्हा खरंच कळलं नाही. फरशीवरून चाकांची सळसळ तेवढी. आणि एक नवीन गोष्ट: ती मागे यायला लागली. "इंजिनावर हिला मागं येनं ठाऊकच नव्हतं," काका म्हणाले. "आता बघ." गाडी आमच्या दारापर्यंत गेली, दाराला टक्कर दिली, मागे आली आणि पुन्हा धडकली.

मग ते रोजचंच झालं. सकाळी काका आपलं दार उघडून खुर्चीत बसत, रिमोट पट्ट्याने गळ्यात. दुधाची पिशवी आत घेतली की गाडी सोडत. आमच्या दाराला टक. मी दार उघडायची, प्रियू रांगत येऊन गाडीच्या टपावर थाप मारायची. कधी टपावर चिक्की असायची. सबंध दिवसात मोठ्या माणसाशी माझं तेवढंच बोलणं व्हायचं. त्यांचंही बहुधा तेवढंच.

त्या दिवशी प्रियूला ताप होता. मी पहाटेच रिक्षा करून कोथरूडला आईकडे गेले. काकांना सांगायचं राहिलं.

साडेदहाच्या सुमाराला सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. शेजारच्या समर्थने, म्हणजे त्या विद्यार्थ्यांपैकी एकाने, कॉलेजला निघताना काढलेला. काकांची गाडी आमच्या बंद दाराला धडक देतेय, मागे येतेय, परत धडक देतेय. खाली त्याने लिहिलं होतं, 'काका फुल ऑन फॉर्ममध्ये.' त्याखाली हसण्याची चित्रं. मीही एक टाकलं.

आई पेज ढवळत होती. प्रियूला दाखवावं म्हणून मी व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी गाडीच्या मागचं दिसलं. काकांचं दार उघडं होतं. आणि कडीला दुधाची पिशवी तशीच लटकत होती.

मी वॉचमन कोंडीरामना फोन लावला. "मामा, वर जा. आधी जा, मग बोला."

काका खुर्चीच्या आड, जिन्यातून दिसणार नाहीत असे पडले होते. खुबा मोडलेला. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. ओरडायला गेलं की कळ मस्तकात जायची, त्यामुळे आवाज फुटत नव्हता. रिमोट गळ्यात होता. गाडी आमच्या उंबऱ्याशी दाराला नाक लावून उभी होती. बॅटरी उतरलेली.

मी दवाखान्यात गेले तेव्हा ते म्हणाले, "मला वाटलं, झोपली असशील. म्हनलं झोपू दे, हळूच वाजवू."

मी पुष्कळ विचार केला. जुनं इंजिन असतं तर सगळी इमारत धावली असती. पण पडल्या जागेवरून त्यांना दोरी ओढता आली असती का? नसती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्हीमुळे झोप येत नाही.

ऑपरेशननंतर त्यांचा पुतण्या संतोष त्यांना हिंगोलीला घेऊन गेला. "इथं एकटं कसं ठेवायचं, वहिनी?" तो म्हणाला. गाडी काकांनी प्रियूला दिली. रिमोट तिच्या हातात देताना पट्टा तिच्या गळ्यात घातला, तो तिच्या पायांपर्यंत आला.

आमच्या दाराच्या खालच्या फळीवर टवके उडालेत. पियुष म्हणाला, रंग देऊन टाकू. मी म्हटलं, राहू दे. प्रियू आता चालते. रोज सकाळी ती मला गाडी सोडायला लावते. गाडी समोरच्या कुलूपबंद दाराला टक करते, आम्ही थांबतो, मग मी ती मागे घेते.

पहिले काही आठवडे काका फोन उचलायचे. "बॅटरी मडक्यातच ठिवतेस ना?" एवढंच विचारायचे. आता फोन वाजत राहतो. संतोष म्हणतो, बरे आहेत, झोपलेत. कधीही केला तरी झोपलेत.

तुमच्यापैकी कोणी हिंगोलीत राहत असाल तर एक करा. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत संतोषचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, वर घर. एकदा जिना चढून जा. झोपलेत म्हणाले तरी आत जाऊन बघा. आणि दार जरा जोरात वाजवा.