लादीनाची वर्तुळं

लादीना आमच्या प्रयोगशाळेत आली तेव्हा मला तिथं सात वर्षं झाली होती. माझं काम एकच: जिवंत पेशींना आवाजाच्या लाटांनी जागच्या जागी बसवायचं. पातळ जेलमध्ये पेशी कालवायच्या, ती बशी थरथरत्या चकतीवर ठेवायची आणि नेमका सूर लावायचा. जेलवर लाटा उभ्या राहतात, पेशी सरकत सरकत वर्तुळात गोळा होतात. जेल घट्ट झालं की त्या तिथंच राहतात, एकमेकींना धरतात, आणि नशीब असलं तर आठवड्याभरात त्यांच्यापासून केसाहून बारीक रक्तवाहिन्या तयार होतात.

माझं नशीब बेताचंच. माझी वर्तुळं एका बाजूला कायम फिसकटायची.

लादीना एकोणतीस वर्षांची, इलान्त्स गावाच्या वर डोंगरातल्या खेड्यातल्या एका सुताराची मुलगी. तिसऱ्याच आठवड्यात तिच्या बशीत तीन वर्तुळं उमटली, कंपासनं काढल्यासारखी. आमच्या प्रमुख कादुफबाईंनी सकाळी नऊच्या चहाच्या सुट्टीत सगळ्यांना बोलावून ती पडद्यावर दाखवली आणि अक्रोडाचा केक कापला.

"तुमाश, जरा शिकून घे हिच्याकडून," बाई म्हणाल्या. "सात वर्षांत तुला जमलं नाही ते हिनं तीन आठवड्यांत केलं."

सगळे हसले. मीही हसलो. केक मात्र अर्धाच टाकून कामाला लागलो.

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. ती काम करताना गुणगुणायची, तेही मला खुपायला लागलं. ती जेवायला गेली की मी तिच्या वहीची पानं चाळायचो. घरी उर्सिना, माझी बायको, म्हणाली, "अरे, जेवताना तरी त्या लादीनाला दाराबाहेर ठेव. रोज तिसरं ताट मांडू का?"

एका शुक्रवारी लादीना माझ्याकडे आली. "आईचं ऑपरेशन आहे, खूर शहरातल्या इस्पितळात जाते आहे. शनिवारी-रविवारी माझ्या बश्यांचं पोषकद्रव बदलशील? नऊच बश्या आहेत."

"जा तू. बघतो मी," म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

शनिवारी सकाळी बर्फ तुडवत गेलो. इन्क्युबेटर उघडला, एक बशी मायक्रोस्कोपखाली धरली. वर्तुळांमधून बारीक फांद्या फुटून एकमेकींना जाऊन मिळाल्या होत्या. इतकं नितळ काम मी जन्मात केलं नव्हतं. मी बशी जागेवर ठेवली, दार लावलं आणि पोषकद्रवाला हात न लावता निघून आलो. रविवारी तरी जाता आलं असतं. मी स्की घेऊन डोंगरावर गेलो.

सोमवारी लादीना बश्या समोर मांडून बसली होती. गुलाबी द्रव पिवळा पडला होता, फांद्या तुटून पेशींचा चुरा झाला होता.

"चूक माझीच रे," ती म्हणाली. "मोजताना पेशी जास्त पडल्या असणार, द्रव पुरला नाही. तुझे दोन दिवस फुकट गेले." पिशवीतून तिनं नासपतीचा पाव काढला. "खूरहून आणलाय, तुझ्यासाठी. आई बरी आहे."

पाव हातात घेतला आणि मला तो धरवेना.

"मी पोषकद्रव बदललाच नाही," मी म्हणालो.

"काय?"

"शनिवारी आलो होतो. बघितलं आणि निघून गेलो."

"विसरलास?" सुटायला वाट करून द्यावी तसं तिनं विचारलं.

"नाही."

तिनं बश्या एकावर एक रचल्या. मग म्हणाली, "तुझी वर्तुळं का फिसकटतात, ते मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. तुझी चकती तिरकी आहे. मी माझ्या चकतीला रोज पाणसळ लावून सपाट आहे का बघते, बाबांची सवय. तुला सांगणारच होते. पण बाईंनी केक कापला, आणि वाटलं, राहू दे थोडे दिवस. मलाही मजा येत होती." तिनं वरची बशी कचऱ्यात टाकली. "पण मी तुझ्या पेशी मारल्या नसत्या, तुमाश."

मी स्वतःच कादुफबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, लेखी ताकीद दिली आणि मला वरच्या मजल्यावर हाडांच्या विभागात धाडलं. लादीनाला सगळं पुन्हा उभं करायला दोन महिने लागले. जिन्यात भेटली की ती मान हलवते, थांबत नाही.

वसंतात तिचा लेख छापून आला. माझं नाव त्यात नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. कँटीनमध्ये एकटा बसून मी तो वाचला. चित्रं सुंदर होती, तसं मी मनाशी कबूलही केलं. मग पेन काढलं आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतला, कुठं चूक सापडते का बघत.

सापडली नाही.