दुसरा ब्रेक

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं अख्ख्या गावाला गाडी चालवायला शिकवलं. मला सोडून. म्हणजे एकदा प्रयत्न झाला होता. शिकवणीच्या त्या जुन्या, लांबलचक गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक आहे. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत ह्यांनी तो अकरा वेळा दाबला. कोपऱ्यावर मी उतरले आणि तरातरा चालत घरी आले.

आता गाडी विकायची ठरली होती. शनिवारी जुन्या गाड्यांचा एक शौकीन माणूस ती न्यायला येणार होता. ती गेली की माझं शिकणंही कायमचं राहून जाणार, हे मला आतून खात होतं. पण आपण होऊन विचारायचं म्हणजे नाक खाली करायचं, आणि माझं नाक तसं वरच असतं.

शुक्रवारी सकाळी जावई दारात सुपरकार घेऊन उभा. ज्या शोरूममध्ये तो काम करतो, तिथली.

"बसा बाबा! तीन सेकंदांत शंभरचा वेग!"

"तेवढ्यात आमची नुसती खोकते," हे म्हणाले.

ती गाडी एवढी बुटकी की ह्यांना आत बसवायला मला मागून ढकलावं लागलं. वीस मिनिटांनी परत आले, तर बाहेर काढायला दोघं लागलो. केस उभे, चेहरा लालबुंद, उजवी पोटरी आखडलेली.

जावयाला हसू आवरेना. "आई, बाबा सगळा वेळ ब्रेक दाबत होते! तिथे ब्रेकच नाही!"

"आधी जीव मुठीत धरून बसलो," हे पोटरी चोळत म्हणाले. "मग लक्षात आलं, आपल्या पायाशी काही नाही. पोरगा चालवतोय, आपण नुसतं बसायचं. काय मजा आली म्हणून सांगू!"

इतकं खुललेलं मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आत्ता नाही तर कधीच नाही, म्हटलं.

"माझ्या शेजारी बसाल असे? नुसते?"

जावई स्वतःचे बूट बघू लागला. मग ह्यांनी जुन्या गाडीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

फाटकातच इंजिन दोनदा बंद पडलं. हे बोलले नाहीत. तिसऱ्यांदा गाडी हलली. कोपऱ्यावर अचानक एक सायकलवाला आडवा आला. मी ब्रेक दाबला. माझा मीच! सायकलवाला हात हलवून गेला, तेव्हा मी शेजारी पाहिलं. हे दोन्ही पाय वर घेऊन, सीटवर चक्क मांडी घालून बसले होते. ओठ घट्ट मिटलेले.

मला भरून आलं. हसूही आलं.

"उद्या त्या माणसाला काय सांगायचं?" मी विचारलं.

"सांग, गाडी शिकवणीला लागलीय," हे म्हणाले. "विद्यार्थिनी मठ्ठ आहे, वर्षं लागतील. आता समोर बघ."