न उमटलेला अंगठा

मित्रांनो, बंगळुरातल्या के. आर. पुरमच्या एका रेशन दुकानात सात वर्षे मी माणसांचे अंगठे वाचले. मी ठसे घेणारे यंत्र आहे. आता दुकानाच्या माळ्यावर, ज्या खोक्यातून आलो त्याच खोक्यात पडून असतो.

कारखान्यात माझी काच बसवली, पोटात सिमकार्ड घातले आणि मला दुकानदार वादिराज यांच्या हवाली केले. वादिराज राजाजीनगरच्या जुन्या मराठी घराण्यातले. घरी मराठी, दुकानात कन्नड. माझे काम सोपे होते. कार्डावर नाव असलेल्या माणसाने काचेवर बोट ठेवायचे. मी त्याच्या रेघा सरकारी नोंदीशी ताडून पाहायचो. जुळल्या की पावती निघायची आणि माणशी ठरलेला तांदूळ मिळायचा. दुसऱ्याच्या नावावर तांदूळ उचलणारे दोघेतिघे माझ्यामुळे सापडले, तेव्हा माझे फार कौतुक झाले. वादिराज रोज सकाळी मऊ फडक्याने माझी काच पुसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "मशीन खोटं बोलत नाही." ते खरे होते. पण रेघांखेरीज मला काहीच कळत नव्हते.

शिवलीला नावाची एक बाई दर महिन्याला यायची. निपाणीकडची. नवरा देवाप्पा, दोन मुली. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात ती भांडी घासायची. गरम पाणी, सोडा आणि तारेची घासणी. एका महिन्यात तिने बोट ठेवले आणि मला काहीच दिसले नाही. मी लाल दिवा लावला.

"अण्णा, माझं बोट का घेईना झालंय?" तिने विचारले.

वादिराजांनी तिची दहाही बोटे ठेवून पाहिली. मग म्हणाले, "फोनवर ओटीपी येतो. तो सांगा, म्हणजे चालतं."

"त्यो फोन माझ्याजवळ न्हाई."

"मग नंबर बदलून या अक्का. मागे रांग आहे."

ती गेली. पुढच्या महिन्यात आली, मी पुन्हा नकार दिला. त्यानंतरच्या महिन्यातही तसेच झाले. दर खेपेला तिचा अर्धा दिवस कामावरून जायचा. चौथ्या महिन्यात ती आलीच नाही. मला त्याचे काही वाटले नाही, कारण माझ्यापुढे दुसरी बोटे होती.

एका दुपारी अंगणवाडीच्या विमलाबाई दुकानात आल्या. त्यांनी वादिराजांना विचारले, "शिवलीलाला तांदूळ मिळत नाही का? तिच्या धाकटीचं वजन दोन महिने उतरतंय. अंगणवाडीत तिला अंडं नि जेवण मिळतं, पण घरी रात्री चुरमुऱ्यांवर भागवतात म्हणे."

वादिराज उठले. मग त्यांनी दुकानाचे दार ओढून घेतले, स्कूटरवर तांदळाची पिशवी ठेवली आणि मला गळ्यात अडकवले. सात वर्षांत मी दुकानाबाहेर पडलो तो तेवढ्याच वेळी.

रुळांच्या पलीकडे एका खोलीत शिवलीला राहत होती. आम्हाला पाहून ती घाबरून उभी राहिली.

"अण्णा, चौकशीला आलाय का? सरकारचे गृहलक्ष्मीचे महिन्याचे पैसे मी घेते, त्ये खरंय. शेजारीण म्हणाली, पैसे घेतले म्हणून तांदूळ तोडला. आता जास्त विचारलं तर पैसेबी जातील म्हणून मी यायचं बंद केलं."

"तसं नाही अक्का," वादिराज म्हणाले. "तांदूळ कार्डावरच्या माणसांना. पैसे तुम्ही घरच्या कर्त्या बाई म्हणून. अंगणवाडीचं अंडं धाकटीचं. एक घेतलं म्हणून दुसरं जात नाही. कार्ड बरेच महिने वापरलं नाही, तर मात्र ते थांबवतात. बसा. बोट ठेवा."

मी पाहिले. काही दिसले नाही. थोरली भाग्यलक्ष्मी अकरा वर्षांची होती. तिचेही बोट ठेवले. पण आधार काढले तेव्हा ती फार लहान होती, तिचे ठसे कुणी घेतलेच नव्हते.

"ओटीपीच राहिला," वादिराज म्हणाले. "तो फोन कुणाकडे आहे?"

शिवलीला जमिनीकडे पाहत बोलली. "त्यांच्याकडं. देवनहळ्ळीला प्लॉट पाडायच्या, लेआउटच्या कामावर गेले, आठ महिने झाले. भांडून गेले. मी फोन करायची न्हाई."

वादिराजांनी काही आग्रह केला नाही. भाग्यलक्ष्मी मात्र म्हणाली, "आई, मी बोलू?"

"नको. मीच बोलते."

वादिराजांनी माझी बटणे दाबून त्या फोनवर ओटीपीचा आकडा पाठवला. त्यांच्याच फोनवरून तिने नंबर लावला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. आकडा थोडाच वेळ चालतो. तिने पुन्हा लावला.

"यारु?" पलीकडून देवाप्पाने कन्नडमध्ये विचारले, कोण म्हणून.

"मी. शिवलीला."

पलीकडे खडी ओतल्याचा आवाज येत होता.

"तुमच्या फोनवर सहा आकडे आलेत बघा. तेवढे सांगा. रेशनला पाहिजेत. माझ्या बोटाच्या रेघा गेल्यात."

"कशानं गेल्या?"

"भांडी घासून."

मग तो एकेक आकडा सावकाश वाचू लागला. ती मोठ्याने म्हणत गेली आणि वादिराज माझी बटणे दाबत गेले. मी हिरवा दिवा लावला. पावती बाहेर आली.

"पोरी कशा हायत?" देवाप्पाने विचारले.

शिवलीलाने धाकटीकडे पाहिले. ती तांदळाच्या पिशवीला टेकून बसली होती. "आज भात खातील," एवढेच बोलून तिने फोन ठेवला.

वादिराज जायला उठले, पण दारात थांबले. "पहिल्या दिवशीच मी विचारायला पाहिजे होतं, फोन कुणाकडे आहे म्हणून."

"मी तरी कुठं सांगितलं अण्णा," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात विमलाबाईंनी तिला सोबत नेऊन नंबर बदलून घेतला. भाग्यलक्ष्मीचे ठसेही नोंदवले. नंतर तिचेच बोट माझ्या काचेवर यायचे. त्या बोटाच्या रेघा स्वच्छ होत्या. देवाप्पा परत आला की नाही, मला माहीत नाही. ते कळण्याची सोय माझ्यात नव्हती.

त्यानंतर वादिराज माझी काच पूर्वीसारखीच पुसत. पण मी नकार दिला की माणसाला परत पाठवत नसत. "स्वल्प थांबा" म्हणून त्याला बाजूच्या स्टुलावर बसवत आणि विचारत, "घरी आणखी कोण आहे?" मग माझ्या जागी डोळे वाचणारे नवे यंत्र आले आणि मी माळ्यावर गेलो.

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन कदाचित अशा एखाद्या यंत्राशेजारी बसाल. आमची काच पुसा, आम्हाला ओल लागू देऊ नका. आणि आम्ही लाल दिवा लावला, तर आमच्याकडे पाहत बसू नका. समोरच्या माणसाला बसायला सांगा.