कोरड्या पायांचा पूल

मी रेल्वेचा पूल आहे. खाली नदी नसलेला आणि वर गाडी नसलेला. हसा खुशाल.

मला बांधताना नदीच्या गाळात लाकडाचे ओंडके खोल ठोकले आणि त्यांवर माझे दगडी खांब उभे केले. ओंडके पाण्याखाली होते तोवर मी ठणठणीत होतो. बुडालेलं लाकूड सहसा कुजत नाही. पूर कमरेपर्यंत चढायचा, डोक्यावरून गाड्या धडधडायच्या आणि मी ढिम्म!

मग शहाण्यांनी नदी टेकडीपलीकडे वळवली. रूळही तिकडे गेले. सुकलेल्या पात्रात घरं उठली. माझ्या दोन खांबांमध्ये एका सुताराने दुकान थाटलं, मागे बिऱ्हाड. दाराची चौकट त्याने माझ्याच खांबात ठोकली. "पाणी गेलं, आता कसली भीती?" सगळे म्हणत. खरी भीती तेव्हाच सुरू झाली. जमीन कोरडी पडली, आत हवा शिरली आणि माझ्या पायातले ओंडके कुजू लागले.

सुताराचं दार अडकू लागलं. त्याने रंधा मारला. पुन्हा अडकलं, पुन्हा रंधा.

कॉलेजात शिकणाऱ्या त्याच्या मुलीने एकदा चौकटीला ओळंबा लावून ती सरळ उभी आहे का ते पाहिलं. "बाबा, दार बरोबर आहे. खांब कलतोय."

"लाकूड फुगतं गं. बापाला सुतारकी शिकवू नकोस."

"भर उन्हाळ्यात फुगतं?"

"ऐकलंस का, तुझ्या लेकीच्या जिभेला हाड नाही!" तो बायकोकडे वळून म्हणाला.

पूल तपासा म्हणून मुलगी रेल्वेच्या कचेरीत भांडून आली. साहेब तपासायला आले, तर तिचा थोरला काका, पूल बचाव समितीचा अध्यक्ष, चहा घेऊन हजर. "साहेब, ही वाडवडिलांची पुण्याई! असं दणकट काम आता होणे नाही." साहेब चहा पिऊन गेले. समितीने मला रंग फासला. भेगा छान बुजल्या.

"काका, रंगावर पूल उभा राहतो का?"

"तुमच्या पिढीला जुन्याची किंमत नाही."

"डोक्यावर पडल्यावर कळेल किंमत!"

आज दार मिटेचना. बापाने बिजागऱ्या उखडल्या, दार बाजूला ठेवलं आणि पडदा लावला. "घे, संपली कटकट."

मुलीने आईचा हात धरला. "तू तरी चल."

"ह्यांना सोडून कुठे येऊ? तू जा."

ती गेली नाही. उंबऱ्यावर बसून रागाने रडते आहे.

जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, मला पाडा. ठरवून, दिवसाढवळ्या, आधी या तिघांना बाहेर काढून. कुणी ऐकणार नाही, ठाऊक आहे. वर समितीची माणसं माझ्या कठड्यावर दिव्यांच्या माळा चढवत आहेत. एकेका माळेचं वजन मला जाणवतंय.