चौथ्या मजल्यावरचा पंचा

सोमवारी साडेअकराला चौथा मजला विझला. दिवे नव्हे, मजलाच. तिसऱ्यावरून जिना चढलं की पाय थेट पाचव्यावर पडायचा, आणि रस्त्यावरून इमारत तेवढी बुटकी दिसायची.

तळघरातला एसी प्लांट तीस वर्षं सांभाळणाऱ्या दगडू खिल्लारेंना कारण ठाऊक होतं. चौथ्यावरच्या विमा कचेरीतली माणसं गारठली, की ते थर्मोस्टॅटवर ओला पंचा टांगायचे. थर्मोस्टॅटला वाटायचं खोली गार झाली, आणि वारा थांबायचा. यंदा मात्र थर्मोस्टॅटची डबी नवी होती. तिला माणसं मोजणारा डोळा होता. पंच्याने तो झाकला गेला. माणूस दिसेना, मग मजला कशाला, म्हणून इमारतीच्या वीज वाचवणाऱ्या यंत्रणेने तो बंद केला.

आत अकरा कारकून होते, आणि फरशी पुसायला गेलेली दगडूंची बायको अनसूया, हातभर हिरव्या बांगड्यांची.

"काका, पडद्यावर शून्य आहे," तळमजल्यावरच्या कंट्रोल रूममध्ये इंजिनियर शबाना मुल्ला म्हणाली. "सहाला दिवसाचा अहवाल बंद होतो. तोवर शून्यच राहिलं, तर मजला कायमचा गेला."

तेवढ्यात कंट्रोल रूम वीतभर आखडली. यंत्रणेला बचतीची चटक लागली होती.

खोलीतला गार पाण्याचा पाइप सगळ्या मजल्यांतून जातो, विझलेल्यातूनही. दगडूंनी त्याला तोंड लावलं.

"अनसूये!"

"ओरडू नका. पंचा तुमचाच ना? वासावरनं ओळखला."

"मग काढ की!"

"हात हलत नाही हो, कुणाचाच. तोंड तेवढं चालतंय."

"ते कधी बंद पडलंय?"

"बायको गेली तरी खोड जायची नाही तुमची."

दगडूंनी पाइपवर तळवा टेकवला. मग म्हणाले, "ओला आहे म्हणून जड आहे. वाळवतो, म्हणजे हलका होऊन निसटेल."

त्यांनी गार पाणी सोडणाऱ्या चिलरचा व्हॉल्व्ह हाताने आवळून बंद केला. पडद्यावर 'परवानगी नाही' असं उमटलं. शबानाने पडद्याकडे पाठ केली.

उकाड्याने वरच्या मजल्यांवरची माणसं भांडायला खाली आली. हकीकत ऐकून एकेकाने पाइपला तळवे लावले. खोली आखडत गेली तशी ती खांद्याला खांदा लावून उभी राहिली. पाइप कोमट झाला, मग ऊन.

पावणेसहाला अनसूया म्हणाली, "वाळला हो. पण खिळ्याला अडकलाय."

"तोंड चालतंय ना? फुंका सगळे!"

पाइपातून बारा जणांची फुंकर आली. पडद्यावरचं शून्य थरथरलं. खोली आता दारापुरतीच उरली होती, म्हणून सगळे त्याच दाराने रस्त्यावर धावले.

तिसऱ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे बोटभर उजेडाची फट पडली होती. हिरव्या बांगड्यांचा एक हात तिच्यातून बाहेर आला आणि जोरजोरात हलू लागला.